पहिल्या बर्फावरचा गालिचा

गालिचा झटकून उचलला आणि सालोमेआच्या तोंडून चर्चच्या आवारात काढू नये तो शब्द निघाला. निघाला तर निघाला. दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या गेनोवेफाने छातीवर क्रूस काढला, पण तो काही शब्द ऐकून नव्हे. गालिचा बघून.

काल संध्याकाळी अंथरला तेव्हा दुधाच्या सायीसारखा होता तो. न रंगवलेल्या मेंढीच्या लोकरीचा, सणासुदीला चर्चमध्ये वेदीपासून पहिल्या बाकांपर्यंत अंथरायचा. सालोमेआच्या आईने आणि माहेरच्या तिघी शेजारणींनी एका हिवाळ्यात मिळून विणलेला. आता त्याच्यावर करडे ढग उमटले होते, आणि जिथे बर्फ वितळून आत मुरला होता तिथे तर चुलीचं फडकं परवडलं.

"खालची माती लागली असेल गं," गेनोवेफा म्हणाली.

"खालून पांढरा आहे. बघ. काळं वरून आलंय."

बेस्किदच्या डोंगरात लोकरीचे गालिचे पाण्याने धूत नाहीत, बर्फाने धुतात. वर्षाचा पहिला बर्फ पडायला लागला की बायका ते बाहेर अंथरतात, लोकर वर करून. रात्रभर बर्फ पडू द्यायचा, सकाळी भूर्जाच्या खराट्याने तो झाडायचा, मग गालिचा पालथा घालून वेताच्या बडवण्याने बडवायचा. जमिनीवर मळका चौकोन राहतो आणि हातात स्वच्छ गालिचा येतो. पहिला बर्फ सगळ्यात शुद्ध, असं सालोमेआची आई सांगायची आणि आईला तिची आई. गावातली एकही बाई दुसऱ्या बर्फासाठी थांबत नसे. थांबली तर ती आळशी.

पण पूर्वी पहिल्या बर्फाआधी गावावर तीन तीन आठवडे धूर साचून राहत नव्हता. गाव खोलगट, भोवती डोंगर. वारा पडला की थंडीचं झाकण बसतं, आणि मग गावभरच्या धुरांड्यांचा धूर, त्यात सॅनेटोरियमच्या नव्या बॉयलरचा, खालीच मुरत राहतो. यंदा तर खिडकीत ठेवलेली दुधाची वाटीही झाकून ठेवावी लागली. गेनोवेफाचा जावई म्हणायचा, आपल्या गावात मेंढीच्या चीजला आणि माणसाला एकच धुरी देतात, फरक इतकाच की चीजला भाव येतो. तो स्वतः त्या बॉयलरवरच कामाला होता, त्यामुळे त्याला असं बोलायची मुभा होती.

तर असा तो तीन आठवड्यांचा धूर काल रात्री बर्फाने खाली आणला होता. हवा अशी निवळली होती की डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसत होतं. श्वास घेतला तर छातीत गार पाणी उतरावं तसं वाटत होतं.

चर्चच्या कुंपणापलीकडे सॅनेटोरियमचं फाटक, आणि फाटकाशी हवेची पाटी. दिव्यांची. हवा चांगली असेल तर तिच्यावर हिरवा हसरा चेहरा लागतो, वाईट असेल तर लाल रडका. धुराचे तीन आठवडे ती 'दुरुस्तीसाठी बंद' होती. आज सकाळी बरोब्बर दुरुस्त झाली होती, आणि तिच्या शेजारी उभे राहून सॅनेटोरियमचे डायरेक्टर लुबोमिर फोटो काढून घेत होते.

"सालोमेआबाई!" त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "श्वास घ्या, श्वास! निसर्गाने एका रात्रीत हवा धुऊन काढली! बर्फाचा एकेक कण वरून येताना हवेतली काजळी गोळा करत येतो, ठाऊक आहे? पावसापेक्षाही जास्त. सावकाश तरंगत येतो ना! शास्त्र आहे ते. निसर्गाचा झाडू!"

"झाडू?" सालोमेआ म्हणाली. "आणि केर कुठे टाकतो तो?"

डायरेक्टरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. फोटोवाला त्यांना हनुवटी वर करायला सांगत होता.

ओला गालिचा दोघींनी उचलून बडवायच्या लोखंडी दांडीवर टाकला. आता ती दांडी रस्त्याच्या कडेला आहे, आणि रस्त्यावरून बघितलं की तिच्या मागे नेमकी ती हिरवी पाटी दिसते, यात सालोमेआचा काय दोष? दांडी तिच्या जन्माआधीपासून तिथे आहे. पण सकाळच्या फेरफटक्याला निघालेले क्राकूवचे पाहुणे थांबले. हे लोक सॅनेटोरियममध्ये राहतात आणि गावात राहण्याबद्दल रोजचा हवेचा कर भरतात. एकीने फोन काढला. पुढे काळा गालिचा, मागे हिरवा चेहरा. दुपारपर्यंत तो फोटो जिथे जिथे जायचा तिथे गेला, आणि चहाच्या वेळेला फादर वालेंतींचं बोलावणं आलं.

फादर वालेंती चांगला माणूस. वादळात कुणाला छत्री धरायला जाणारा नव्हे, पण वादळ ओसरल्यावर सगळ्यांची विचारपूस करणारा. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी डायरेक्टर आधीच बसलेले होते, काचेच्या पेल्यात चहा आणि चहात लिंबू.

"बस, सालोमेआ," फादर म्हणाले. "आपल्यासाठी आनंदाची बातमी आहे."

तिने ओळखलं की ही बातमी आपल्यासाठी नाही.

"मी चर्चला नवा गालिचा देतोय," डायरेक्टर म्हणाले. "लाल. बेल्जियमचा. नाताळाआधीच्या संत लूसीच्या सणाला बिशप येतील त्याआधी इथे पोचेल. डाग अजिबात धरत नाही."

"लाल रंग डाग धरतो, डायरेक्टरसाहेब. दाखवत नाही, इतकंच."

फादर खोकले. डायरेक्टर हसले. ते हसतच पुढे म्हणाले की रविवारी मिसेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात लोक जमतात, तेव्हा सालोमेआबाईंनी दोन शब्द बोलावेत. फार नाही. गालिचा तळघरात ठेवला होता, तिथे कोळशाची पूड होती, ती लागली, आणि बर्फात भिजल्यावर उठून दिसली. "तो फोटो फिरतोय ना. पाहुणे विचारतात. सॅनेटोरियम चाललं तर गाव चालतं. आणि छोटीशी चूक माणसाकडून होतेच की."

"झालीच नाही ती कशी होते?"

"सालोमेआ," फादर म्हणाले.

"तळघरात? फादर, तुम्ही माझ्या घरी आला आहात. तो गालिचा माझ्या वरच्या खोलीत असतो. नवरा गेल्यापासून त्याच्या पलंगावर गालिचा झोपतो. लव्हेंडरच्या पुरचुंड्या घालून. नवऱ्याला मी कधी लव्हेंडर घातलं नाही!"

"कुणी तुझ्यावर आरोप करत नाहीये गं."

"मग मला काय करायला सांगताय? स्वतःवर मीच करू?"

फादरनी चहा ढवळला. त्यांनी साखर घातलेली नव्हती. "बघ," ते हळूच म्हणाले, "बिशप पंचवीस वर्षांनी येतायत. नवा गालिचा आला नाही तर फरशी उघडी दिसेल. दोन शब्दांनी कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय, फादर."

डायरेक्टरांनी कोट घातला. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "विचार करा. रविवारपर्यंत वेळ आहे. आणि तो गालिचा तेवढा आत घ्या."

सालोमेआने गालिचा आत घेतला, कारण रात्री गारठा वाढणार होता आणि ओली लोकर गोठली की तुटते. नाहीतर तिने घेतला नसता.

दुसऱ्या दिवशी ती गेनोवेफाकडे गेली. गेनोवेफाचा गालिचा मरून रंगाचा, काळ्या वेलबुट्टीचा, लग्नात आलेला. तोही त्याच रात्री बाहेर होता. गावातले सगळेच होते. आता तो बैठकीच्या खोलीत अंथरला होता आणि गेनोवेफा त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

"बघ, कसा उजळलाय. तुझ्याच नशिबाला काय झालं कोण जाणे."

सालोमेआने टेबलावरचा पांढरा हातरुमाल उचलला, पाण्यात बुडवून पिळला, गुडघ्यावर बसली आणि गालिच्यावर एकदाच दाबून फिरवला. मग काळा झालेला तो रुमाल गेनोवेफापुढे धरला.

गेनोवेफाने तो घेतला, स्वतः एकदा फिरवला, दुसऱ्या कोपऱ्यात. मग पुन्हा, खिडकीजवळ.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि माझी नात यावर रांगते."

"रविवारी माझ्या बाजूने बोल. मी एकटी बोलले तर म्हणतील, म्हातारी स्वतःचा गलथानपणा झाकतेय. तू बोललीस की झालं. रुमाल घेऊन ये."

गेनोवेफा खुर्चीत बसली. रुमालाची घडी केली, काळी बाजू आत गेली. "सालो," ती म्हणाली, "जावई बॉयलरवर आहे. कायम नाही केलेलं त्याला अजून."

चुलीवर आंबट राय-पिठाचं सूप उकळत होतं. सालोमेआ उठली, तिने त्याखालची आच कमी केली, कारण ते उतू जायला आलं होतं आणि गेनोवेफाचं लक्ष नव्हतं. मग घरी आली.

रविवारी सभागृह भरलं होतं. मिसेनंतर तिथे कॉफी असते, खसखशीचा केक असतो, आणि आठवडाभराच्या बातम्या असतात. आज बातमी एकच होती. सालोमेआ आत आली तसा आवाज खाली बसला. कुणीतरी म्हणालं, "आली बाई तळघरवाली." म्हणजे गोष्ट आधीच पोचली होती. तिने सांगायचं फक्त बाकी होतं.

फादर उभे राहिले. डायरेक्टरसाहेबांनी चर्चला गालिचा द्यायचं कबूल केलंय हे त्यांनी सांगितलं, टाळ्या झाल्या. "आणि सालोमेआला दोन शब्द बोलायचेत," असं म्हणून ते पटकन बसले. गरम तव्यावरून हात काढून घ्यावा तसे.

ती उभी राहिली. इतकी वर्षं हीच माणसं, लग्नाला, मयताला, बारशाला. त्यांच्या मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे कपडे तिने शिवले होते.

"गालिचा तळघरात नव्हता," ती म्हणाली. "बस. हेच सांगायचं होतं."

कुजबुज सुरू झाली. ती बसली नाही.

"नाही, अजून आहे. तीन आठवडे आपण सगळे खोकत होतो. पाटी बंद होती. बर्फ पडला, काजळी खाली आली, पाटी लगेच सुरू झाली. हवा स्वच्छ झाली हे मला मान्य. का झाली? कारण जे तिच्यात होतं ते माझ्या आईच्या गालिच्यावर येऊन पडलं. बर्फ काजळी गोळा करतो हे मला डायरेक्टरसाहेबांनीच शिकवलं, कुंपणावरून. मग हवा स्वच्छ केल्याचं श्रेय पाटीला, आणि काजळीचं पाप मला? चोर सोडून संन्याशाला सुळी!"

"वा!" डायरेक्टर बसल्या जागेवरून म्हणाले. आवाजात अजून हसू होतं. "आणि तुमच्या घरी काय जळतं, सालोमेआबाई? तुमच्या धुरांड्यातून चंदनाचा धूर निघतो वाटतं?"

लोक हसले. बरं वाटलं त्यांना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सांग की सालोमेआ! तू काय सूर्यावर भाकरी भाजतेस?"

"नाही," ती म्हणाली. "कोळसाच जाळते. थंडी वाजते मला. त्या गालिच्यावर माझ्या धुरांड्याचीही काजळी आहे, ती कुठली हे मला ओळखू येत नाही. पण मी माझ्या दारावर हिरवी पाटी लावलेली नाही. मी माझ्या दारातल्या हवेचे कुणाकडून पैसे घेत नाही. आणि माझी काजळी झाकायला मी दुसऱ्या बाईला खोटं बोलायला लावत नाही."

आता कुणी हसलं नाही. डायरेक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र जागचं हललं नाही, विसरून राहिलेल्या दिव्यासारखं.

"पुरावा?" ते म्हणाले. "गावात इतके गालिचे बाहेर होते. एकाच्या तरी घरून तक्रार आली? कुणाचा काळा झाला? सांगा ना, मंडळी."

सालोमेआने गेनोवेफाकडे बघितलं. गेनोवेफा खसखशीच्या केकमधले दाणे बोटाने वेचत होती. मान खाली, कान लाल. तिची पर्स मांडीवर होती, आणि दोन्ही हातांनी ती अशी धरली होती की सालोमेआला कळलं, रुमाल आत आहे. आणला होता तिने. आणला होता, आणि काढवत नव्हता.

एक शब्द पुरला असता. 'गेनोवेफाला विचारा.' तो शब्द सालोमेआच्या जिभेवर आला, आणि त्याच्याबरोबर गालिच्यावर रांगणारी ती नात आली, आणि कायम न झालेला जावई. तो शब्द तिने गिळला. कडू लागला.

"सगळ्यांचे गालिचे मरून रंगाचे आहेत," ती एवढंच म्हणाली. "मरून रंगाला तोंड नसतं."

आणि ती घरी गेली. केकही न घेता. खसखशीचा केक तिनेच भाजून आणला होता.

लाल गालिचा आला नाही. संत लूसीच्या दिवशी बिशप उघड्या फरशीवरून चालत वेदीपाशी गेले. त्यांच्या बुटांचा आवाज अख्ख्या चर्चमध्ये वाजत राहिला, आणि प्रत्येक पावलासरशी गावाने सालोमेआकडे बघितलं. म्हातारे बिशप गुडघे टेकताना कण्हले. तेही तिच्याच खात्यावर गेलं. सण संपल्यावर फादरनी तिच्याकडे असलेली वेदीच्या चादरींच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. "थोडी विश्रांती घे आता," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. वाईट वाटून घेणारा माणूस किल्ली परत तर देत नाही.

दुकानात तिच्या आधी आलेल्या बायका गप्प व्हायच्या. पाववाली चांगली होती, पण तीही म्हणाली, "जाऊ द्या हो काकू, एवढं काय मनावर घ्यायचं." सालोमेआ म्हणाली, "मनावर नाही घेतलं, छातीत घेतलंय. तूही घेतेस, दिवसातून हजारदा." पाववालीने पाव बांधून दिला.

गालिचा तिने टबात घालून साबणाच्या चुऱ्याने तीनदा धुतला. पाणी तिन्ही वेळा शाईसारखं निघालं. लोकर आटली, करडी ती करडीच राहिली. तिने तो वाळवून पुन्हा नवऱ्याच्या पलंगावर घातला. रात्री दार उघडं ठेवून ती गेलेल्या नवऱ्याला सांगायची, बघ तुझ्या गावाने काय केलं. तुझ्या म्हणायची, कारण ती स्वतः पलीकडच्या खोऱ्यातली. हे तिला लग्नानंतर अडतीस वर्षांनी पहिल्यांदा आठवलं होतं.

नाताळ गेला. जानेवारीत पुन्हा वारा पडला, झाकण बसलं, धूर मुरायला लागला. पाटी पुन्हा दुरुस्तीला गेली. दोन आठवडे लोक मफलर नाकावर ओढून फिरले आणि मफलरच्या नाकाजवळच्या भागाकडे कुणी बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण एकमेकांसमोर नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीचा मेणबत्त्यांचा सण तोंडावर आला होता. त्याआधी गावात पुन्हा एकदा गालिचे निघतात, नाताळभरच्या पावलांची धूळ काढायला. आणि नेमका त्याच आठवड्यात एका दुपारी बर्फ पडायला लागला, मोठ्या मोठ्या पाकळ्यांचा, सावकाश.

सालोमेआ खिडकीशी शिवणकाम घेऊन बसली होती. तिला वाटलं, आता आवारा-आवारांतून गालिचे निघतील, नेहमीसारखे. तिने न बघायचं ठरवलं होतं. तरी बघत राहिली. समोरची दांडी रिकामी. पलीकडची रिकामी. एक बाई दार उघडून बाहेर आली, काखेत गुंडाळलेला गालिचा. आकाशाकडे बघितलं तिने. मग रस्त्याकडे. मग पुन्हा आत गेली.

थोड्या वेळाने दार वाजलं. गेनोवेफा. रविवारच्या त्या सभेनंतर ती इथे पहिल्यांदा येत होती. डोक्यावरच्या रुमालावर बर्फ, आणि मागे फाटकाशी आणखी दोघीजणी, फाटकाची कडी जणू जन्मात पहिल्यांदाच बघतायत अशा.

"सालो," गेनोवेफा म्हणाली. "आज घालायचे का गं बाहेर?"

"मला कशाला विचारतेस? पाटीला विचार. उद्या सकाळी दुरुस्त होईलच ती."

गेनोवेफा हसली नाही. "पाटीला नाही विचारत. तुला विचारतेय." मग खाली बघून, "त्या दिवशी मी..."

"केक खात होतीस. माझाच होता. कसा झाला होता?"

"कोरडा," गेनोवेफा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सालोमेआने तिला तशीच दारात उभी ठेवली. आत ये म्हणाली नाही. इतक्या लवकर राग सोडायला तो काही तिने उसना आणलेला नव्हता. पण ती उंबऱ्याबाहेर आली, हात पुढे केला आणि तळव्यावर थोडा बर्फ पडू दिला. तो वितळला. तळव्यातल्या करड्या पाण्याकडे तिघी वाकून बघायला लागल्या, फाटकावरच्या दोघीसुद्धा पुढे येऊन.

"आज नाही," ती म्हणाली. "आज वरचं सगळं खाली येणार. येऊ दे. पडू दे त्याला पोटभर. उद्या, परवा, वरचा थर पांढरा दिसला आणि नाकाला धुराचा वास आला नाही, की त्या थरावर घाला."

"काय म्हणते?" पलीकडच्या आवारातून कुणीतरी ओरडलं.

"थांबा म्हणते!" फाटकावरची ओरडली. "आज नको म्हणते सालोमेआ!"

हाक पुढच्या आवारात गेली, तिथून पुढच्या. चर्चच्या बाजूने वर सरकली. सॅनेटोरियमच्या मागे, इथून दिसणाऱ्या डायरेक्टरांच्या बंगल्याच्या आवारात, त्यांच्या घरी काम करणारी बाई दोन भलेमोठे गालिचे बर्फात पसरत होती. त्यातला एक जवळजवळ पांढरा होता. हाक तिच्यापर्यंत पोचली. तिने क्षणभर कान दिला, आणि भराभर दोन्ही गालिचे गुंडाळून आत ओढायला लागली.

"बघ," गेनोवेफा दात ओठ खाऊन म्हणाली. "त्या घरचे तरी पडू द्यायचे होते की बाहेर. चांगली अद्दल घडली असती. कशाला वाचवलेस?"

सालोमेआने ओला तळवा एप्रनला पुसला.

"गालिच्यांनी काय केलंय?" ती म्हणाली.